दहाच्या नाण्याचं पाणी

डोणगावच्या बाजारात लसूणवाल्यानं केसरबाईचं दहाचं नाणं एका बोटानं तिच्याकडे परत सरकवलं.

"नोट द्या मावशी. हे बंद झालं."

"कोनं बंद केलं?"

"मले काय माहीत? कोनीच घेऊन नाही राह्यलं."

"तुह्या घरी छापते काय, बंद कराले?"

केसरबाई भांडणाला मागं हटणारी बाई नव्हती. रुपया-दोन रुपयांसाठी ती तराजूचा काटा स्थिर होईस्तोवर नजर हलवत नसे, आणि समोरचा कंटाळून वरून एक कांडी टाकत असे. पण त्या दिवशी ती फार भांडली नाही. लसूणवाल्याच्या आवाजात भांडण नव्हतंच. ऊन तापलंय म्हणावं, तितक्या सहज तो बोलला होता. तिनं कनवटीची नोट काढून दिली, भाजी विकून रिकाम्या झालेल्या टोपल्या उचलल्या आणि काळीपिवळीत येऊन बसली. उतरताना मुद्दाम तेच नाणं ड्रायव्हरपुढं धरलं. तो म्हणाला, "दुसरं पाहा ना वो."

एकानं नाही म्हटलं असतं तर ती विसरली असती. दोघांनी म्हटलं आणि ती घरापर्यंत ते नाणं उलटंपालटं करून बघत गेली.

काळजीला कारण होतं. माळखेडीच्या शाळेमागं ग्रामपंचायतीचं फिल्टरच्या पाण्याचं मशीन होतं आणि ते केसरबाई सांभाळत होती. गावच्या विहिरीचं पाणी जड. त्या पाण्यात तूर शिजत नसे आणि दर चार घरांत एकाला मुतखडा. म्हणून चार वर्षांपूर्वी मशीन आलं आणि बचत गटाच्या अकरा बायांनी ते चालवायला घेतलं. फटीत दहाचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी. नोट चालत नाही, पाचचं चालत नाही, फोन दाखवलेला चालत नाही. केसरबाईनं पहाटे मशीन उघडायचं, फरशी धुवायची, म्हाताऱ्यांच्या कॅन उचलून द्यायच्या, संध्याकाळी बंद करायचं. महिन्याला तीन हजार. महिना आठ हजारांवर बांधकामावर विटा वाहणाऱ्या सहदेवचा एक गुडघा गेल्या पावसाळ्यापासून सुजलेला होता, तेव्हा त्या घरात खात्रीनं येणारा पैसा तेवढाच होता.

नाण्यांचा सगळा फेरा नारायणरावाच्या किराणा दुकानातून चालायचा. सकाळी लोक दुकानात नोट देऊन नाणी घ्यायचे, दिवसभर मशीनमध्ये टाकायचे. संध्याकाळी केसरबाई आणि गटाची अध्यक्ष रेणुका दोन किल्ल्या लावून डबा उघडायच्या, मोजायच्या, आणि केसरबाई ती नाणी दुकानात नेऊन नोटा आणायची. दुसऱ्या दिवशी तीच नाणी पुन्हा गावात. तीनशे-साडेतीनशे नाणी चार वर्षं अशी गोल फिरत होती, आणि त्यांच्यावर पोसलेलं मशीन गावाला पाणी पाजत होतं. रेणुका ही नारायणरावाचीच सून. त्यामुळं नोटा मागच्या दारानं तिच्याकडे द्यायच्या, एवढंच काम उरायचं.

घरी येऊन केसरबाईनं चुलीमागचा डालड्याचा जुना डबा काढला. भाजी विकून उरलेली दहाची नाणी ती त्यात टाकत असे. न्हाणीला दार करायचं होतं. आजवर पोत्याच्या पडद्याआड अंघोळ चालली होती, आणि वारा आला की एका हातानं पडदा आणि एका हातानं तांब्या धरावा लागे. डब्यात ब्याण्णव नाणी निघाली.

"हे बंद झाले म्हनते," ती सहदेवला म्हणाली.

सहदेव गुडघ्याला तेल चोळत होता. "कोन म्हनते?"

"लसनवाला."

"लसनवाला काय सरकार हाये?"

"सरकार आपल्याले सांगून करते का काही? त्या येळी रात्रीतून नोटा बंद केल्या, तवा इचारलं व्हतं तुमाले?"

सहदेवनं तेलाची वाटी खाली ठेवली. त्या वेळी त्याची पाचशेची चार पानं घेऊन तो दोन दिवस रांगेत उभा राहिला होता, हे तिला आणि त्याला दोघांनाही आठवलं.

संध्याकाळी मशीनचा डबा उघडला. मीटरप्रमाणं तीनशे अठरा नाणी हवी होती, तेवढीच निघाली. रेणुकानं वहीत आकडा टाकला आणि ती पुढं गेली. केसरबाई नाण्यांची पिशवी घेऊन निघाली, वाटेत आपल्या घरात शिरली आणि डालड्याचा डबा त्याच पिशवीत रिकामा केला. मन खात होतं. पण यात चोरी कसली, आपलेच तर आहेत, असं ती स्वतःला सांगत दुकानापर्यंत गेली.

तिच्या हातातून नाणी न घेता ती फळीवर ओतायला लावायची, ही नारायणरावाची जुनी खोड. तिनं ओतली. तो दहा-दहाच्या चवडी लावत गेला.

"चारशे दहा. आज लय झाले?"

"उन्हाळा हाये ना भाऊ. गर्दी व्हती."

त्यानं चष्म्यावरून एकदा पाहिलं, नोटा मोजून फळीवर ठेवल्या. तीन हजार एकशेऐंशी तिनं मागच्या दारी रेणुकाला दिले, नऊशेवीस चोळीत घातले. दुसऱ्याच दिवशी मेहकराहून पत्र्याचं दार आणलं आणि सहदेवनं ते बसवलं. त्या दाराची कडी आतून लावून केसरबाईनं पहिल्यांदा दोन्ही हातांनी अंघोळ केली.

तिसऱ्या दिवशी दुकानात खडूनं लिहिलेली पाटी लागली. दहाचे नाणे घेतले जाणार नाही व मिळणार नाही.

पाटी वाचून गावानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. कोणी देवापुढची वाटी उपडी केली, कोणी पोरांचे गल्ले फोडले, गटातल्या सोजराबाईनं तर सुनेच्या ट्रंकेतली पुरचुंडी सुनेला न विचारता काढली. गावात दहाच्या नाण्याला नाही न म्हणणारी एकच वस्तू उरली होती. ती म्हणजे मशीन. सगळे कॅन, घागरी, बादल्या घेऊन तिकडं धावले. फिल्टरच्या पाण्यानं लोकांनी गोधड्या धुतल्या. एकानं म्हशी धुतल्या. केसरबाई ओरडत राहिली, "अवो, पानी संपते ना बाप्पा! काऊन नासून राह्यले?" पण कोणी ऐकलं नाही. चार दिवस रात्रंदिवस मोटर चालली आणि डब्याचं झाकण लागेना इतकी नाणी साचली.

आणि पाचव्या दिवशी मशीनपुढं चिटपाखरू नाही. लोकांना तहान होतीच, नाणी मात्र उरली नव्हती. होती नव्हती ती सगळी डब्यात, आणि डब्यातली बाहेर घ्यायला दुकान तयार नाही.

केसरबाईनं डोकं चालवलं. रेणुकाला बोलावून डबा उघडला, एका ताटात नाणी घेऊन मशीनजवळच बसली. नोट द्या, नाणं घ्या, लगेच टाका, पाणी भरा.

सोजराबाई कॅन घेऊन आली, ताटाकडं पाहिलं, नोट मुठीतच ठेवली.

"बंद नान्यासाठी चांगली नोट देऊ?"

"लगेच टाकाचं हाये ना सोजराबाई. हे इथी ताट, हे तिथी मशीन. पाच पावलं."

"अन् त्या पाच पावलात लाइट गेली तं? नानं माह्याच हातात राहीन."

केसरबाईला हसावं की रडावं कळेना. पण लाइट रोज जात होती, तेव्हा बाईचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. सोजराबाई गेली ती राजकुमारच्या रिक्षाकडं. तो मेहकराहून जार आणायचा, तीस रुपयांना एक, आणि दोनच दिवसांत त्याच्या दोन खेपांच्या चार झाल्या. सरपंचाच्या ओट्यावर तो चहा पितानाही दिसू लागला. बायांच्यानं होत नसेल तर मशीन आपल्याला चालवायला द्या, असं तो म्हणत होता म्हणे.

केसरबाईनं सगळा राग नारायणरावावर काढला. पाटी त्यानं लावली, अफवा त्यानंच उठवली, राजकुमारशी त्याची हातमिळवणी असणार. सकाळ-संध्याकाळ ती त्याला शिव्या घालायची. "भरल्या घरचा मानूस, अन् गावाच्या तोंडचं पानी काढलं यानं." सहदेव ऐकून घ्यायचा. त्या ब्याण्णव नाण्यांबद्दल दोघंही काही बोलत नव्हते.

त्यातच मशीनच्या पाण्याला खारट चव येऊ लागली. मेहकरचा मेकॅनिक अविनाश येऊन पाहून गेला.

"मेम्ब्रेन गेली, पाणी गाळणारी आतली जाळी. चार दिवसांत एवढं पाणी काढल्यावर जाणारच. साडेअकरा हजार लागतील. येत्या सोमवारपर्यंत नाही दिले तर माझ्याकडचा नग दुसरीकडं जाईल, मग महिनाभर वाट पाहा."

महिनाभर मशीन बंद म्हणजे ते राजकुमारकडं गेलंच, आणि केसरबाईचे तीन हजारही गेले. गटाचा आधीचा पैसा ग्रामपंचायतीचं भाडं आणि लाइटचं बिल भरण्यात गेला होता; आता होता तो सगळा डब्यात. एक हजार सातशे चौसष्ट नाणी.

"बँकीत नेऊ," ती म्हणाली. "बँक नाही म्हनाची नाही."

सहदेवनं पिशवी सायकलवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेली. पुढं गाडीत तिनं ती मांडीवर घेतली. चौदा किलोचं ओझं, वर वैशाखाचं ऊन. उतरली तेव्हा मांड्यांवर पिशवीचे वळ उठले होते. बँकेच्या दारात शिपायानं सगळ्यांसमोर पिशवी उघडायला लावली. लोकांनी माना वळवून पाहिलं. ती भीक मागून आणलेली चिल्लर असावी, असंच त्यांच्या तोंडावर होतं. तासभर रांगेत उभी राहून तिचा नंबर आला.

कॅशियर तरुण होता, बोलायला गोड. "बंद नाहीत हो बाई. अगदी खरी नाणी आहेत. ही दहा रेघांची, ही पंधरा रेघांची, दोन्ही खरी. ते पाहा, भिंतीवर लिहिलंच आहे."

"मंग घ्या."

"आज नाही घेता येणार. तिजोरीत चिल्लरला जागा नाही, आणि एवढी मोजायला माणूस नाही. थोडी थोडी आणा ना, शंभर-शंभरच्या पुड्या बांधून. आठवड्याला हजाराची."

केसरबाईनं भिंतीवरचा कागद पाहिला. त्यावर नाण्याचं चित्र होतं आणि नाणं नाकारू नये असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या कागदाखाली बसूनच हा नाही म्हणत होता.

"साहेब, खरं हाये तं तुमी घेऊन काऊन नाही राह्यले?"

तो हसला. मग त्यानं एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "हा रिझर्व्ह बँकेचा. मिस कॉल द्या, तिकडूनच फोन येतो. गावात सगळ्यांना ऐकवा."

येताना पिशवी तेवढीच जड होती. तिच्या डोक्यात आता नवाच किडा वळवळत होता. ज्यांनी नाणी काढली तेच हातात घ्यायला तयार नाहीत, आणि वर सांगतात खरी आहेत. मग ब्याण्णव काढून टाकली, हा आपण शहाणपणाच केला म्हणायचा. असं वाटलं आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी मशीनच्या ओट्यावर गटाची बैठक बसली. अकराच्या अकरा बाया आल्या. नारायणराव गटाचा कोणी नव्हता, तरी कडुनिंबाला टेकून उभा होता. त्याच्या सुनेच्या गटात त्याला जा म्हणणार कोण?

रेणुकानं चिठ्ठीवरच्या नंबरला मिस कॉल दिला. सगळ्या फोनकडं टक लावून बसल्या. फोन वाजला तशी सोजराबाई ओरडली, "उचलू नको वं! असेच फोन येतेत अन् खात्यातले पैसे जातेत!"

"काकू, आपन दिला व्हता ना मिस कॉल."

"त्याईले माहीतच असते कोन मिस कॉल देते ते!"

रेणुकानं तरी स्पीकर लावला. आतून एक बाई शांतपणे सांगू लागली, की दहाची सगळी नाणी, कुठल्याही नक्षीची असोत, चालतात, आणि लोकांनी बिनधास्त घ्यावीत. सांगून झालं आणि फोन बंद झाला.

"इचार ना तिले, मंग बँक काऊन घेत नाही?" एकजण म्हणाली.

"ते टेपवरचं बोलनं हाये. इचारता नाही येत."

"पाह्य!" सोजराबाई म्हणाली. "खरं बोलनारं मानूस उत्तर देल्याबिगर फोन ठेवते काय?"

मग मेम्ब्रेनचा विषय निघाला, आणि केसरबाईला राहवलं नाही. "हे सारं कोनाचं करनं हाये ते इथीच उभं हाये," ती नारायणरावाकडं हात करून म्हणाली. "चार वर्षं आमच्या नान्यावर धंदा केला. गल्ल्यात चिल्लर कमी पडली नाही कधी. अन् एका दिवसात पाटी लावली! का भेटलं राजकुमारकडून?"

नारायणराव झाडाचं टेकणं सोडून पुढं आला. तो चिडला नव्हता. तो रेणुकाला म्हणाला, "सूनबाई, वही काढ. पाटी लावाच्या दोन दिस आधीचं पान."

रेणुकानं पान काढलं. तीनशे अठरा.

"अन् त्या दिशी माह्या फळीवर इनं ओतले चारशे दहा. इचारलं तं म्हने गर्दी व्हती. म्या वही पाह्यली, मीटर तीनशे अठराचं. म्हंजे ब्यान्नव घरचे." त्यानं सगळ्या बायांवरून नजर फिरवली. "म्या इचार केला. जी बाई रोज नाने हाताळते, बाजारात जाते, हिशेबाची इतकी पक्की हाये, ते बाई घरचे नाने लपवून माह्या गळ्यात मारते. म्हंजे तिले आतली खबर लागली असन. मंग म्या काऊन बुडू? लावली पाटी."

ओट्यावरच्या सगळ्या माना केसरबाईकडं वळल्या.

केसरबाईनं नारायणरावाकडं केलेला हात खाली घेतला. दोन आठवडे ती ज्याला शिव्या घालत होती, तो तिच्याकडंच बघून भ्याला होता. अफवा डोणगावहून आली नव्हती, मेहकराहून आली नव्हती. तिनंच ती पिशवीत घालून दुकानापर्यंत नेली होती आणि फळीवर ओतली होती. तोंड लपवायला पदर पुरेना.

"मले काहीच खबर नव्हती," ती म्हणाली. "लसनवाल्यानं नानं घेतलं नाही. मंग गाडीवाल्यानं घेतलं नाही. मले भेव वाटलं. न्हानीचं दार कराचं व्हतं. एवढंच. नाने खरे हायेत, मले बँकीतही सांगतलं. चुकी माही हाये, नान्याची नाही."

"लसनवाल्याच्या बोलन्यावर तुनं ब्यान्नव नाने काढले?" सोजराबाई म्हणाली. "तू? बजाराच्या दिशी सव्वाशे ग्रॅमचं दोनदा वजन करनारी?"

"खरं सांगून राह्यली मी."

"तवा खोटं सांगतलं गर्दी व्हती म्हनून. आता खरं कायले सांगशीन? नाने खपावे म्हनूनच ना?"

बाया कुजबुजल्या. रेणुकाला मावशीची कीव आली होती, पण सासरा समोर उभा होता. ती खाली बघत म्हणाली, "मावशी, तुमचे दोन महिन्याचे सहा हजार गटाकडं हायेत. ते... ते नान्यातच घ्या. खरे हायेत म्हनता तं."

ही शिक्षा होती, आणि ती सगळ्यांना पसंत पडली. आता केसरबाई आकाशपाताळ एक करणार, म्हणून बाया सरसावून बसल्या.

केसरबाई उठली. डब्यातून सहाशे नाणी मोजली, एका जागी चुकली, पुन्हा मोजली, पिठाच्या पिशवीत भरली. बोलायला तोंडच राहिलं नव्हतं. सहदेव लंगडत पुढं आला, पिशवी सायकलवर घेतली, आणि दोघं खाली माना घालून घराकडं गेली.

गाव ते बघत होतं. पण गावाला लाज दिसली नाही.

"गुमान घेतले वं तिनं," संध्याकाळी हातपंपावर एकजण म्हणाली.

"सहाशे नाने! केसर! जे एका रुपयासाठी भांडते!"

"भांडलीच नाही. उलट दोनदा मोजून घेतले."

"बँकीत गेल्ती ना परवा. तास-दीड तास आत व्हती."

"अन् पिशवी वापस घेऊन आली. द्याले नेली व्हती, मंग वापस काऊन आनली?"

रात्र पडेपर्यंत गावाचं सगळं जुळलं होतं. दहाच्या नाण्यात पंधराचं पितळ आहे. सरकार नाणी परत घेणार आणि एकाला वीस देणार. बँकेतल्या साहेबानं केसरबाईला कानात सांगितलं, आणि ती नाटक करून सहाशे घेऊन गेली. मिस कॉलवरची बाईसुद्धा सगळी नाणी सांभाळून ठेवा असंच म्हणाली होती, असं आता सोजराबाईला आठवू लागलं.

सोमवारी पहाटे केसरबाई मशीन उघडायला गेली तर नारायणराव तिच्याआधी ओट्यावर.

"बाकीचे किती हायेत?"

"अकराशे चौसष्ट."

"माह्याकडं दे. पुऱ्या नोटा देतो. आपला जुना वेव्हार हाये."

केसरबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "नारायणराव भाऊ, नान्यात काही नाही. म्या काल सांगतलं ते सारं खरं हाये. माह्यावर जाऊ नका."

"हाव, हाव," तो घाईघाईनं म्हणाला. "तुह्यावर कोन जाते? तू डबा उघड, सूनबाईची किल्ली म्या आनली." आणि त्यानं हात पुढं केला. फळी नव्हती, काही नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या ओंजळीतून आपल्या ओंजळीत नाणी घेतली आणि त्याचं त्यालाही भान नव्हतं.

दुपारपर्यंत नोटा अविनाशला पोचल्या, संध्याकाळी मेम्ब्रेन बसली. पाणी पहिल्यासारखं गोड आलं. राजकुमारची रिक्षा मोकळी फिरली. मशीन वाचलं होतं, केसरबाईचे तीन हजार वाचले होते. तिला आनंद व्हायला हवा होता. पण कोणी तिचं खरं मानून मशीन वाचवलं नव्हतं. ती पुन्हा खोटं बोलत आहे अशी खात्री पटली म्हणून ते वाचलं होतं.

मंगळवारी मशीनपुढं कॅनची रांग लागली. पाणी होतं, लाइट होती, आणि कोणी फटीत नाणं टाकेना. दुकानात नाणं मिळेना. नारायणराव म्हणे, माझ्याकडं एकही नाही.

"नानं असन तं दे ना केसर," सोजराबाई लाडानं म्हणाली. "हे घे नोट."

केसरबाई घरी गेली, पिशवीतून साठ नाणी आणली, ताटात घेऊन बसली. नोटा भराभर आल्या. सोजराबाईनं नाणं घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, कमरेला खोचलं आणि रिकामी कॅन उचलून घराकडं चालू लागली.

"पानी?"

"हातपंपाचं भरीन आज."

साठ नाण्यांतली सात मशीनमध्ये पडली. बाकी सगळी गावात जिरली.

आणखी नाणी आणायला केसरबाई दुपारी घरी आली. रोजच्या सवयीनं तिनं पिशवी ओतून मोजली. पाचशे चाळीस हवी होती, पाचशे पंधरा निघाली. तिनं पुन्हा मोजली. घरात तिसरं माणूस नव्हतं. मुलगी मंजुश्री अकोल्याला, दवाखान्यात नोकरीला.

सहदेव दारात बसून जेवत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो घास तसाच धरून थांबला.

"पंचवीस कमी हायेत," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली.

"गावानं घेतले तं घेतले. तुमाले तं म्या पयल्या दिसापासून सारं सांगतलं. तुमच्यासमोरच डबा रिकामा केला व्हता. तुमालेही खोटंच वाटलं काय?"

"खोटं नाही वाटलं," सहदेव म्हणाला. त्यानं घास ताटात ठेवला. "तुहं खोटं काऊन वाटंन मले?"

"मंग?"

त्यानं ताट बाजूला सरकवलं.

"मंग अख्खं गाव येडं असन काय, मंजूचे माय? अन् नारायनराव?"

केसरबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नाण्यात काही नाही हे या गावात तिच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. ही हूल तिच्या भित्रेपणातून निघाली आणि तिच्या गप्प राहण्यावर वाढली, त्यामागं कोणी साहेब नाही, सरकार नाही. ते सगळं तिला सांगता आलं असतं. तिनं ते सांगितलं नाही. पिशवीचं तोंड वळून ती उचलली आणि उन्हात निघाली, मशीनवर बाया नोटा घेऊन वाट बघत होत्या.

अंगणापर्यंत जाऊन ती थांबली. परत आत आली, सहदेवकडं न बघता ज्वारीच्या कोठीशी बसली, आणि पिशवीतली दोन मुठी नाणी काढून तिनं दाण्यांच्या खाली सारली.